बीएल लॅसर्टी
बीएल लॅसर्टी : सरठ तारकासमूहाच्या दिशेला दिसणारी सक्रिय दीर्घिका. अंतर सुमारे ९० कोटी प्रकाशवर्षे. जवळजवळ ४० वर्षे ती आपल्याच आकाशगंगेतील तारा म्हणून यादीत होती.

जर्मन ज्योतिर्विद कूनो होफमाइस्टर यांना १९२९ मध्ये हा बिंदू सापडला. त्याची तेजस्विता साधारण १४ ते १७ प्रतींच्या दरम्यान, कोणतेही वेळापत्रक न पाळता कमीजास्त होई. म्हणून रूपविकारी ताऱ्यांच्या नामकरण-पद्धतीनुसार त्याला ‘बीएल’ ही अक्षरे मिळाली. होफमाइस्टर यांनी असे सुमारे १०,००० तारे शोधले. छायाचित्राच्या काचेवर तारा आणि दूरच्या दीर्घिकेचा गाभा सारखेच ठिपके उमटवतात, तेव्हा या नोंदीबद्दल त्यांना दोष देता येणार नाही. उलट, पुढे चार दशके त्या ठिपक्याचा वर्णपट घेण्याची निकड फारशी कोणाला वाटली नाही, हे अधिक नवलाचे.

कलाटणी मिळाली ती रेडिओ वेधांतून. अमेरिकेतील व्हर्मिलियन रिव्हर वेधशाळेच्या यादीतील एक रेडिओ स्रोत नेमका याच ‘ताऱ्या’च्या जागी असल्याचे जॉन श्मिट यांनी १९६८ मध्ये दाखवले. सामान्य तारा इतक्या जोराने रेडिओ लहरी सोडत नाही. वर्णपट पाहावा, तर तो कोरा. शोषणरेषा नाहीत आणि उत्सर्जनरेषाही नाहीत. रेषाच नाहीत तर ताम्रसृती मोजणार कशी आणि अंतर काढणार कसे?

१९७४ मध्ये बेव्हर्ली ओक आणि जेम्स गन यांनी यातून वाट काढली. मधला झगझगीत भाग झाकून त्यांनी भोवतालच्या अंधुक वलयाचाच प्रकाश वर्णपटमापकात घेतला. त्यात लंबवर्तुळाकार दीर्घिकेच्या ओळखीच्या खुणा दिसल्या आणि ताम्रसृती भरली सुमारे ०.०७, म्हणजे दूर जाण्याचा वेग सेकंदाला अंदाजे २१,००० किलोमीटर. या मापनावर काही काळ वाद झाला; नंतरच्या वेधांतून जवळपास तोच आकडा निघाला.

वर्णपट कोरा का, याचे उत्तर दीर्घिकेच्या केंद्रात आहे. तेथील महाकाय कृष्णविवराजवळून निघणारा, प्रकाशवेगाच्या जवळपास धावणारा द्रव्याचा झोत जवळजवळ थेट पृथ्वीच्या रोखाने आहे. चुंबकीय क्षेत्रात फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा सिंक्रोट्रॉन प्रकाश त्यातून येतो. आपल्या दिशेने तो कित्येक पट प्रखर होतो आणि त्यात रेषा बुडून जातात. झोतातील बारीकसारीक खळबळही त्यामुळे मोठ्या चढउतारासारखी दिसते. प्रकाशाचे ध्रुवीकरण जास्त असते आणि तेही झपाट्याने बदलते.

अशा वस्तूंच्या गटाला ‘बीएल लॅसर्टी वर्ग’ म्हणतात. काही विशिष्ट क्वेसारांसह या वर्गाला १९७८ पासून ‘ब्लेझार’ हे नाव आहे. डब्ल्यू कोमी आणि एपी लिब्री हे ब्लेझारही आधी रूपविकारी तारे म्हणूनच नोंदले गेले होते. तिघांचीही ताऱ्यांची नावे आजतागायत तशीच चालू आहेत.