जिथे पाणी चढून जाते : शिखर शिंगणापूरचा डोंगर आणि माणदेश

ग्रामीण साहित्य शिकवताना एक वाक्य वर्गात आणि उत्तरपत्रिकांत हमखास भेटते : "माणदेशाच्या पाचवीलाच दुष्काळ पुजलेला आहे." विद्यार्थी हे वाक्य मार्गदर्शिकेतून उचलतात, मार्गदर्शिका ते समीक्षेतून उचलतात आणि समीक्षक बहुधा एकमेकांकडून. वाक्य चटकदार आहे, त्यात माणदेशाविषयी सहानुभूतीही आहे. पण त्यात एक गृहीत दडलेले आहे, ते असे की पाणी हा नशिबाचा भाग असून त्याला इतिहास नाही. या गृहीताची तपासणी ग्रंथालयात जशी करता येईल, तशी ती एका डोंगरावर उभे राहूनही करता येईल. तो डोंगर म्हणजे सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याच्या उत्तर कडेवरचा शिखर शिंगणापूर.

सह्याद्रीच्या मुख्य धारेपासून फुटून पूर्वेकडे आणि आग्नेयेकडे उतरत जाणाऱ्या डोंगररांगेला शंभुमहादेवाची रांग म्हणतात. रांगेचे हे नाव शिंगणापूरच्या देवावरून पडले आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे हजार मीटर उंचीच्या या माथ्यावरून दोन वेगळे प्रदेश दिसतात. उत्तरेकडे उतार एकदम तुटतो आणि खाली फलटण-माळशिरसचा, नीरेच्या खोऱ्यातील सखल मुलूख पसरतो. दक्षिणेकडे माणगंगेचे खोरे आहे : उघडे माळ, काळ्या कातळावर चढलेला मातीचा पातळ थर, बोरी-बाभळी, कुसळे आणि अधूनमधून मेंढरांचे कळप. माथ्यावर पडलेला पाऊस दोन्हीकडे वाटला जातो. उत्तरेचे पाणी नीरेतून नीरा-नरसिंगपूरला भीमेला मिळते, तर दक्षिणेचे माणेतून पंढरपूरच्या खाली त्याच भीमेला मिळते. एकाच डोंगरावरून निघालेले हे पाणी एवढा वळसा घालून पुन्हा एका पात्रात येते, पण वाटेवरच्या दोन खोऱ्यांचा आधुनिक इतिहास मात्र एक राहिला नाही.

पावसाचे गणित प्रथम पाहू. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, माण तालुक्यात तो पाचशेच्या आतबाहेर असतो. सह्याद्री ढगांना अडवतो आणि त्याच्या पाठीमागचा हा मुलूख पर्जन्यछायेत जातो. हे भूगोलाचे सत्य नाकारण्याचे कारण नाही. परंतु कमी पाऊस आणि दुष्काळ या दोन गोष्टी एक नव्हेत. महाराष्ट्रातील धनगरांच्या दैवतांचा आणि भटकंतीचा दीर्घकाळ अभ्यास करणाऱ्या ग्युंथर सोन्थायमर यांनी दाखवून दिले आहे, की मेंढपाळाला असा कोरडा पट्टा हवाच असतो. पावसाळ्यातल्या चिखलात आणि ओलीत मेंढरे टिकत नाहीत, म्हणून ते चार महिने या माळावर काढायचे आणि पुढे कळप घेऊन बाहेर पडायचे, असा तो क्रम. जो पाऊस शेतकऱ्याला अपुरा, तोच मेंढपाळाला मानवणारा. तेव्हा उणीव आकाशात किती आणि जमिनीवरच्या व्यवस्थेत किती, हा प्रश्न येथूनच सुरू होतो.

शिंगणापूरच्या देवस्थानाला या व्यवस्थेची जाणीव फार जुनी आहे. हे नाव देवगिरीच्या यादव सिंघण राजावरून आले, अशी पारंपरिक समजूत आहे. रा. चिं. ढेरे यांनी 'शिखर शिंगणापूरचा श्रीशंभुमहादेव' (२००१) या ग्रंथात या क्षेत्राचा माग दक्षिणेकडे नेला. शंभुमहादेव हे श्रीशैलच्या मल्लिकार्जुनाचे येथे रुजलेले रूप आहे आणि कर्नाटकातून आलेल्या बळीप या गवळी राजपुरुषाशी या क्षेत्राच्या स्थापनेचा, तसेच भोसले घराण्याच्या मुळाचा संबंध आहे, अशी त्यांची मांडणी होती. भोसले कुळाविषयीच्या निष्कर्षावर मतभेद असतील, पण गोधन आणि मेंढरे राखणाऱ्यांच्या वाटांवर हे दैवत उभे राहिले, ही गोष्ट भूप्रदेशाशी जुळणारी आहे.

भोसल्यांचा या डोंगराशी असलेला दुसरा संबंध अधिक ठोस वस्तूचा आहे. चैत्रातल्या यात्रेत पाण्यावाचून लोकांचे हाल होतात हे पाहून शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे यांनी येथे तळे बांधले, असे बखरींतून आणि स्थानिक परंपरेतून सांगितले जाते. देवीच्या कृपेने सापडलेले द्रव्य मालोजींनी ज्या कामांवर खर्च केले, त्यांत वेरूळच्या घृष्णेश्वराच्या जीर्णोद्धाराबरोबर या तळ्याची गणना होते. द्रव्यलाभाची कथा बाजूला ठेवली तरी एक अर्थ उरतो. सुमारे चारशे वर्षांपूर्वीच्या माणसांना या डोंगरावरची टंचाई ही दैवाने दिलेली आणि म्हणून सोसायची गोष्ट वाटत नव्हती. ज्याच्या हाती सत्ता आणि पैसा आहे त्याने तळे बांधावे, ही अपेक्षा तेव्हा होती आणि ती पुरी करणाऱ्याचे नाव पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले.

यात्रेच्या विधींतही पाणीच केंद्रस्थानी आहे. चैत्र शुद्ध अष्टमीला शंभुमहादेव आणि पार्वती यांचे लग्न लागते आणि कापडाचा लांबच लांब ध्वज देवळांच्या शिखरांना बांधला जातो. त्यानंतर द्वादशीला कावडी चढतात. त्यांतली सर्वांत मानाची कावड सासवडची, भुतोजी तेली यांच्या नावाने ओळखली जाणारी. कऱ्हेकाठच्या सासवडहून पाण्याने भरलेले तांब्याचे रांजण घेऊन माणसे पायी निघतात, नीरा ओलांडतात, फलटणचा मुलूख मागे टाकतात आणि कोथळ्याच्या बाजूने मुंगी घाटाच्या पायथ्याशी येतात. वर जायला दुसरी सोपी वाट आहे, पण कावड जाते ती याच अवघड कड्याने. वरची माणसे खालच्यांना हात देतात, खालची कावडीला खांदा देतात आणि नदीचे पाणी डोंगराच्या माथ्यावर पोचून देवाला घातले जाते.

ॲन फेल्डहाउस यांनी 'कनेक्टेड प्लेसेस' (२००३) या पुस्तकात या यात्रेचा विचार प्रदेशाच्या जाणिवेच्या अंगाने केला आहे : वेगवेगळ्या नद्यांचे काठ आणि गावे कावडींच्या वाटांनी एकमेकांना जोडली जातात आणि त्या जोडणीतून लोकांच्या मनात 'आपला मुलूख' आकार घेतो. मला या विधीत आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. चैत्र म्हणजे विहिरी तळाला गेलेल्या असतात तो काळ. नेमक्या त्याच काळात, जिथे पाणी सर्वांत कमी आहे तिथे ते सर्वांत कष्टाने नेले जाते. पाण्याचा स्वभाव उताराकडे जाण्याचा. ते चढवायचे तर अनेक खांदे लागतात, हे ज्ञान या विधीने दरवर्षी गिरवून घेतले आहे.

आता एकोणिसाव्या शतकाकडे येऊ. १८७६-७७च्या दुष्काळाने सातारा आणि सोलापूर जिल्ह्यांचा पूर्वेकडचा पट्टा होरपळला. इंग्रज सरकारने जी दुष्काळी कामे काढली त्यांत डोंगराच्या उत्तरेला नीरेचा कालवा होता आणि दक्षिणेला माणगंगेवरचा म्हसवडचा, म्हणजेच राजेवाडीचा तलाव होता. काम दोन्हीकडे झाले, परिणाम मात्र वेगळे झाले. नीरेच्या मुळाशी सह्याद्रीचा पाऊस होता. भाटघरचे मोठे धरण १९२८ साली पुरे झाल्यावर उजव्या कालव्याचे पाणी फलटण-माळशिरसच्या जमिनीत खेळू लागले. १९३०च्या दशकात सासवडकडच्या माळी समाजातील शेतकऱ्यांनी अकलूजजवळ माळीनगरला साखर कारखाना उभा केला. ज्या सासवडहून पाणी खांद्यावर घेऊन माणसे या बाजूला येत, तिथलीच माणसे पाण्याच्या मागे येऊन येथे बागायतदार झाली. दक्षिणेकडे माणगंगेचा उगमच पर्जन्यछायेत, त्यामुळे तलाव भरण्याची शाश्वती नव्हती. आणि भरला तरी त्याच्या कालव्यांचे तोंड प्रामुख्याने खालच्या मुलखाकडे, सांगोल्याच्या बाजूला होते. तलावाची भिंत माणदेशात, भिजणारी जमीन पुढे. डोंगराच्या एका अंगाला ऊस आणि दुसऱ्या अंगाला हंगामी ज्वारी-बाजरी, हा भेद निसर्गाने आरंभला असेल, पण तो कायम झाला कालव्यांच्या नकाशांनी.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेऊन व्यंकटेश माडगूळकरांकडे वळले म्हणजे वाचनात फरक पडतो. 'माणदेशी माणसं' (१९४९) आणि 'बनगरवाडी' (१९५५) ही पुस्तके याच माणगंगेच्या खोऱ्यातली, जुन्या औंध संस्थानच्या मुलखातली. 'बनगरवाडी'ची अखेर आपण सगळे जाणतो : पाऊस दगा देतो, मेंढरे मरतात, वाडी ओस पडते. समीक्षेने या शेवटाला नियतीचे नाव दिले. पण त्याच कादंबरीत वाडीने एक मोठे सामुदायिक काम केले आहे. तरुण मास्तराच्या पुढाकाराने लोक राबतात आणि तालीम उभी राहते. तिच्या समारंभासाठी खुद्द संस्थानचे अधिपती वाडीत येतात. म्हणजे एकत्र येऊन उभारणी करण्याची शक्ती वाडीत आहे, राजसत्ताही वाडीपर्यंत पोचू शकते. तरीही पाण्याची अशी कोणतीच तजवीज नाही, की जी त्या वर्षी वाडीला तारून नेईल. माडगूळकर यावर भाष्य करीत नाहीत, ते संयमाने फक्त दाखवतात. त्या दाखवण्यातला इतिहास वाचणे हे आपले काम होते. आपण तिथे 'निसर्गचित्रण' हा मथळा टाकून पाच गुणांचा प्रश्न तयार केला.

याचा अर्थ कादंबरीला पाटबंधारे खात्याचा अहवाल समजावे असा नाही. माझे म्हणणे एवढेच, की ग्रामीण साहित्यातला माळ, डोंगर, ओढा यांना आपण 'पार्श्वभूमी' म्हणतो तेव्हा त्यांच्यावर झालेले मानवी व्यवहार पुसून टाकतो. शिंगणापूरच्या माथ्यावर तळे आहे, घाटात कावडीची वाट आहे, उत्तरेला कालव्याचा मुलूख आहे आणि दक्षिणेला दुसऱ्यांसाठी भरणारा तलाव आहे. यांतली एकही गोष्ट नैसर्गिक नाही. १९९०च्या दशकात कृष्णेचे पाणी पंपांनी उचलून माण-खटावकडे आणण्यासाठी जिहे-कठापूर योजना आखली गेली, तीही याच मालिकेतली आहे. पाणी चढवावे लागते, हे तिने मान्य केले. कावडीला जे अनेक शतकांपूर्वी ठाऊक होते, ते शासनाला कागदावर यायला एवढा काळ लागला.

पाचवीला सटवाई कपाळावर लिहून जाते आणि ते लेखन कोणाला वाचता येत नाही, अशी आपली समजूत आहे. माणदेशाचे पाण्याविषयीचे लेखन मात्र डोंगरावर, घाटात आणि कालव्यांच्या रेषांत स्पष्ट लिहिलेले आहे आणि लिहिणारे हातही ओळखता येतात. पुढच्या वेळी एखाद्या विद्यार्थ्याने ते जुने वाक्य लिहिले, तर त्याचे गुण कापण्याआधी त्याला एवढेच विचारावे : पाचवीला पुजला, पण पुजणारे कोण होते?