उलट्या नक्षीचा ताल

बोईसर-तारापूर म्हटलं की आठवतं १९६९ साली सुरू झालेलं देशातलं पहिलं अणुवीज केंद्र आणि एमआयडीसीतले कारखाने. पण तिथून उत्तरेला, चिंचणी, वरोर, वाढवणच्या किनारपट्टीत एक धंदा घराघरांत वाढला. दागिन्यांच्या डाय बनवण्याचा. वाढवण बंदराच्या विरोधात मच्छीमार आणि बागायतदारांबरोबर डायमेकरही उभे राहिले, ते म्हणूनच.

डाय म्हणजे पोलादाचा ठोकळा. त्यावर नक्षी उलटी कोरायची. दागिन्यात जे उठून दिसणार ते इथे खोल जाणार. मऊ पोलादावर छिन्नी-हातोडीचं काम संपलं की ते तापवून पाणी द्यायचं. त्यानंतर चूक सुधारणं कठीण. ठोका किती जोराचा आणि केव्हा, हे सगळं कारागिराच्या मनगटात.

तो ठोका यंत्राकडे सोपवण्याचा प्रयोग अमेरिकेत एमआयटीने १९५२ साली दाखवला. भोकं पाडलेली कागदी पट्टी हुकूम सोडायची आणि मिलिंग मशीन हलायचं. पुढे त्या हुकमांची लिपी ‘जी-कोड’ म्हणून रूढ झाली. ती वाचून मोटरला वेळेवर ठोके देणारं सॉफ्टवेअर म्हणजे कंट्रोल. हौशी लोकांच्या टेबलावर ते आलं बरंच उशिरा.

अमेरिकी सरकारी मानकसंस्थेच्या १९९०च्या दशकातल्या प्रकल्पातून आजचं लिनक्ससीएनसी उभं राहिलं. विंडोजवर मॅक-३ लोकप्रिय झालं. दोन्हींत ताल धरायचा संगणकानेच, बहुधा जुन्या प्रिंटर पोर्टमधून. लिनक्ससीएनसीला त्यासाठी खास घडवलेला कर्नेल लागतो. विंडोजला मात्र मध्येच दुसरं काम आठवलं की ताल चुकायचा. पुढे नव्या संगणकांतून तो पोर्टच गेला.

२००९ साली नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोगसरुड यांनी जीआरबीएल लिहिलं आणि ताल संगणकाकडून काढून अर्डुइनो या स्वस्त सर्किट बोर्डावरच्या छोट्या चिपकडे दिला. चिपची साठवण अवघी ३२ किलोबाइट, तरी सेकंदाला ३० हजारांपर्यंत ठोके. संगणकाने फक्त जी-कोडच्या ओळी पुरवत राहायचं. स्वस्त हौशी यंत्रांचा पूर आला तो यानंतर.

लाकडी पाटी कापताना या तिघांतला फरक फारसा जाणवत नाही. डायसारख्या नक्षीत मात्र पाकळीचं एक वळण शेकडो इवल्या रेषांत फुटतं आणि कंट्रोलला पुढच्या ओळी आधीच वाचून वेग ठरवावा लागतो. जीआरबीएल सोळाच हालचाली पुढचं पाहतं. ओळी उशिरा पोचल्या की हत्यार वळणावर अडखळतं. अशा कामाला लिनक्ससीएनसी उजवं, पण ते बसवायला चिकाटी हवी. शिवाय हौशी यंत्राचं हलकं अंग पोलादाला पुरत नाही. हात बसवायचा तो पितळेवर.

नक्षी रेखाटणाऱ्या सॉफ्टवेअरचीही शाश्वती नाही. सराफी कामात मुरलेलं आर्टकॅम ऑटोडेस्कने २०१८ साली बंद केलं, पुढे ते कार्व्हेको या नावाने परतलं.

यंत्र थांबतं तेव्हा गोल टोकाच्या हत्यारामागे बारीक लाटा उरलेल्या असतात. त्या घासून काढायला डाय पुन्हा हातातच घ्यावी लागते.