ओळख देणारा

१९७४ चा उन्हाळा असावा, मी नववीत होतो. आजोबा वारले आणि सातबाऱ्याला वारस म्हणून दादांच्या जोडीला आत्याचंही नाव लागलं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं मुलीला बापाच्या मिळकतीत हिस्सा दिला, पण गावानं त्यावर तोड काढली होती हक्कसोडपत्राची. भावानं लुगडं-चोळी करायची, बहिणीनं कागदावर अंगठा द्यायचा. आमच्या घरीही तेच ठरलं. दादा, आत्या आणि मी पहाटेच्या एस.टी.नं तालुक्याला गेलो.

कचेरीच्या आवारात लिंबाखाली दस्त लिहिणारे बसलेले. कागद तयार झाला आणि घोडं अडलं. दस्तात आत्याचं माहेरचं नाव. पण लग्नात तिचं नाव बदललेलं, पस्तीस वर्षं तिला त्याच नावानं हाक पडत होती. ही बाई तीच कशावरून? तेव्हा फोटोचं ओळखपत्र खेड्यात कुणाकडं असणार? रेशनकार्ड होतं, तेही सासरच्या कारभाऱ्याच्या नावावर.

१९०८ च्या नोंदणी कायद्यात याची वाट सांगितलेली आहे. दस्त करून देणारा अधिकाऱ्याच्या माहितीतला नसेल, तर त्याला ओळखणारी माणसं पुढं उभी करायची. त्यांनी सांगायचं, आम्ही ह्याला जातीनं ओळखतो, आणि खाली सही करायची. खोटा माणूस उभा केला तर सात वर्षांपर्यंत कैद. तरी लिंबाखाली चहापाण्यावर कुणालाही ओळखणारे दोघंतिघं कायम असायचे. दस्त लिहिणाऱ्यानं त्यातल्या एकाकडं मान हलवलीही. दादा म्हणाले, "नको. उद्या कुणी म्हणंल, बहीण दुसरीच उभी केली."

जुन्या काळी लिहिता न येणारा कुणबी कागदावर नांगर काढायचा, निशाणी नांगर. पण नांगर काय, कुणीही काढील. १८५८ साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल नावाच्या साहेबानं राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या करारावर त्याच्या अख्ख्या पंजाचा ठसा घेतला. पुढं १८७७ मध्ये हुगळीला असताना त्यानं पेन्शनीला आणि दस्तनोंदणीला बोटांचे ठसे लावले. तिथून ही रीत पसरली. पण मला कचेरीत त्या दिवशी एक कळलं ते असं, की ठसा सांगतो एवढंच, हा तोच अंगठा. तो कुणाचा, हे पहिल्या खेपेला माणसालाच सांगावं लागतं.

आमचे पोलीस पाटील कामानिमित्त तिथंच भेटले. एक ओळख झाली. पण ते तरणे. आत्याचं लग्न झालं तेव्हा जन्मलेलेसुद्धा नव्हते. साहेब म्हणाले, "जुनं माणूस आणा." मग दादांनी मला दुपारच्या गाडीनं परत पिटाळलं, कोतवाल तात्यांना आणायला.

तात्या वेशीबाहेरच्या वस्तीतले. गावात कोण जन्मलं, कोण मेलं, कोणाची शीव कुठं, सगळं त्यांच्या तोंडावर. आमच्या घरी त्यांचा कप वेगळा, दिवळीत पालथा घातलेला. हे तेव्हा मला खटकत नव्हतं, हेही लिहून ठेवतो.

सोमवारची कचेरी बंद व्हायला अर्धा तास असताना आम्ही पोचलो. साहेबांनी विचारलं, "हिला ओळखता?"

"व्हय की. हिच्या लग्नात मांडवाला पाणी म्याच वाहिलंया." मग त्यांनी आत्याची दोन्ही नावं सांगितली, तिच्या आईचं नाव, वरात कोणत्या गावाहून आली ते, आणि दारातल्या पिंपळाला धडकून बैलगाडीचं जू मोडलं होतं तेही. कारकून हसला. साहेब हसले नाहीत, त्यांनी रजिस्टर पुढं सरकवलं. तात्यांनी एकेक अक्षर कोरत सही केली.

अंगठ्याला वेळ लागला. जात्याच्या खुंट्यानं आणि खुरप्यानं आत्याच्या अंगठ्याच्या रेषा घासून गेलेल्या. पहिला ठसा नुसता काळा डाग आला. कारकुनानं बोट फडक्यानं पुसलं, शाई कमी लावली, दुसऱ्यांदा जरा बरा उमटला.

त्याआधी साहेबांनी आत्याला नेमानं विचारलं होतं, दस्त कबूल आहे का? ती "हाय" म्हणाली होती. मजकूर मी वाचून दाखवलेला, घाईघाईत, चतुःसीमेसकट. तिला काय कळलं असेल?

बाहेर आल्यावर तात्या तिच्यापाशी थांबले. "पोरी, कशावर अंगठा दिलास ते ठावं हाय न्हवं?"

आत्या शाईचं बोट पदराला पुसत होती. म्हणाली, "ठावं हाय तात्या. विहिरीकडचं." दादा एस.टी.ची चौकशी करायला पुढं गेले.

तात्यांनी चहा घेतला, पैसे घेतले नाहीत. विहिरीकडचा तो तुकडा सव्वा एकराचा आहे. आज तो माझ्या नावावर आहे.