चिकणमातीपासून उत्तर समुद्रापर्यंत

नॉर्वेतली काही चिकणमाती मोठी फसवी. सुरीने वडी पाडावी इतकी घट्ट, पण चमच्याने ढवळली की ताकासारखी ओतता येते. मूळची ती समुद्रात साठलेली. हिमयुगानंतर जमीन वर आली आणि गोड्या पाण्याने तिच्यातले मीठ हळूहळू धुऊन नेले. अशा मातीच्या देशात, ओस्लोमध्ये, १९५३ साली नॉर्वेजियन जिओटेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झाली. पहिले संचालक लाउरिट्स ब्येरुम, मूळचे डॅनिश.

१९६६ मध्ये ब्येरुम आणि त्यांचे सहकारी लांडवा यांनी या मातीवरच्या कातर चाचण्या प्रसिद्ध केल्या. त्यांच्या उपकरणातला नमुना जाडजूड अनारशाएवढा, आठेक सेंटिमीटर रुंद. भोवती तार गुंफलेली रबरी पिशवी, म्हणजे माती बाजूला फुगत नाही. वरून वजन ठेवायचे आणि आडवे सरकवायचे. चाचणी जमिनीवरच्या मातीची होती, पण उपकरणाचे खरे दिवस पुढे समुद्रावर आले.

१९६९ च्या अखेरीस उत्तर समुद्रात एकोफिस्कचे तेल लागले. पाणी सत्तरेक मीटर खोल. तिथे दहा लाख पिंपांची काँक्रीटची टाकी ठेवायची होती, तीही खांब न ठोकता, स्वतःच्या वजनावर. खाली घट्ट बारीक वाळू. म्हटले तर उत्तम पाया. पण वादळात लाट एकटी येत नाही, शेकडो येतात. प्रत्येक हिसक्याला वाळूच्या फटींतले पाणी दाबले जाते. निसटायला त्याला उसंत मिळत नाही, दाब साचत जातो आणि कणांची एकमेकांवरची पकड सुटू लागते. मोठी लाट येईपर्यंत माती आधीच थकलेली असू शकते. म्हणून नमुन्याला एकदा ढकलून भागत नाही, पुन्हा पुन्हा मागेपुढे हलवावे लागते. उत्तर समुद्रातल्या पायांवरचा ब्येरुम यांचा लेख १९७३ मध्ये छापून आला. त्याच वर्षी फेब्रुवारीत ते गेले. टाकी तळाशी टेकली ती उन्हाळ्यात.

वरची वाळू टिकली. खचले ते भलतेच. तीनेक किलोमीटर खालच्या खडूच्या थरातून तेल निघत गेले, तसा तो थर दबला. टाकीभोवती लाटा मोडणारी भोकांची भिंत आहे. पाण्यावर दिसणाऱ्या भोकांच्या रांगा कमी भरू लागल्या, हे १९८४ मध्ये ध्यानात आले. १९८७ मध्ये शेजारचे प्लॅटफॉर्म सहा मीटर उचलावे लागले. मातीच्या नमुन्यात हे कुठून दिसणार!

१९९५ चा ट्रोल ए प्लॅटफॉर्म तर ३०३ मीटर पाण्यात, मऊ चिकणमातीवर. तिथे काँक्रीटची नळकांडी ३६ मीटर मातीत रुतवली आहेत.

पुढे ओर्मेन लांगे. हे वायूक्षेत्र सुमारे ८,२०० वर्षांपूर्वीच्या स्टोरेगा या समुद्रतळावरच्या दरडीच्या खाचेतच सापडले. इथे नुसती विहिरीखालची माती तपासून चालणार नव्हते, सबंध उताराची कुंडली मांडावी लागली. ब्येरुम यांची संस्था त्या अभ्यासात आघाडीवर होती. निष्कर्ष असा, की हिमयुगात भराभर साठलेल्या गाळाच्या भाराने खालच्या चिकणमातीतले पाणी दाबले गेले, ती कमकुवत झाली आणि बहुधा भूकंपाने तिला धक्का दिला. तेवढा गाळ पुन्हा साठायला आणखी एक हिमयुग यावे लागेल. २००७ मध्ये तिथून वायू निघू लागला.