अग्निशामकाचे प्रमाणपत्र : बदलती मानके आणि भंडारा जिल्हा

अग्निशामकाचे प्रमाणपत्र म्हणजे आग विझवणे, धुरात शिरून माणसे बाहेर काढणे आणि अपघातस्थळी बचावकार्य करणे यांसाठी लागणारे प्रशिक्षण पूर्ण केल्याचा अधिकृत दाखला. तो ज्या मानकावर आधारलेला असतो, ते मानक कायम राहत नाही. नवी उपकरणे येतात, बांधकामाची पद्धत बदलते, एखादी मोठी दुर्घटना घडते आणि मानक सुधारावे लागते. त्याबरोबर अभ्यासक्रम, सेवाप्रवेश नियम आणि आधीपासून सेवेत असलेल्यांची पात्रता या तिन्ही गोष्टी बदलायला हव्यात. पहिल्या दोन कागदावर बदलता येतात. तिसरी अंगवळणी पाडावी लागते, आणि घोडे तिथेच पेंड खाते. महाराष्ट्रात हा प्रश्न किती खोल आहे, हे भंडारा जिल्ह्यातल्या घटनांवरून चांगले समजते.

9 जानेवारी 2021 रोजी पहाटेपूर्वी, दीडच्या सुमारास, भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या विशेष नवजात काळजी कक्षात आग लागली. कक्षात 17 बालके होती. 7 वाचवता आली, 10 दगावली. तत्कालीन आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी दिलेल्या माहितीनुसार तीन बालकांचा मृत्यू भाजल्याने, तर सात जणांचा धुराने गुदमरून झाला. दगावलेली बालके बाहेरून दाखल झालेल्यांच्या कक्षात होती; शेजारच्या कक्षातली बालके बाहेर काढता आली. विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली आणि आगीचे कारण शॉर्ट सर्किट असल्याचे सांगण्यात आले. जिल्हा शल्यचिकित्सकांसह काही जणांवर कारवाई झाली. राज्यातल्या सर्व रुग्णालयांचे फायर ऑडिट करण्याचे आदेशही निघाले.

सात विरुद्ध तीन, हा आकडा अग्निशमन शिक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. बंद खोलीतल्या आगीत ज्वाळेआधी धूर मारतो. म्हणून फायरमनच्या कौशल्यात होज पाईप आणि त्याच्या टोकाची ‘ब्रांच’ हाताळण्याइतकेच वजन श्वसनयंत्राला, म्हणजे बोलीतल्या ‘बीए सेट’ला असते. पाठीवर हवेचा सिलिंडर, तोंडावर मुखवटा, भिंतीला हात लावून रांगत केलेला शोध, सिलिंडरमधली हवा किती उरली याचा हिशेब आणि बाहेर उभ्या सहकाऱ्याकडे आत गेल्याची नोंद, हा सगळा क्रम सरावात नसेल तर माणूस महिन्यांत विसरतो. रुग्णालयात त्यात आणखी भर पडते : ऑक्सिजनच्या नळ्या, विजेवर चालणारे वॉर्मर, स्वतः चालू न शकणारे रुग्ण. भंडाऱ्यानंतर त्याच वर्षी विरारचे एक खासगी रुग्णालय आणि नोव्हेंबरमध्ये अहमदनगरचे जिल्हा रुग्णालय येथे अतिदक्षता विभाग पेटले. अहमदनगरला 11 रुग्ण गेले. रुग्णालयातील आग हा प्रशिक्षणाचा स्वतंत्र धडा असायला हवा, हे सांगायला एवढे पुरेसे आहे.

चर्चा मात्र इमारतीच्या कागदांभोवती फिरत राहिली. तिला कारणही होते. रुग्णालयाकडे अग्निशमन विभागाचे ना-हरकत प्रमाणपत्र नव्हते, हे घटनेनंतर पुढे आले. ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006’ हा कायदा डिसेंबर 2008 पासून अमलात आहे आणि त्याचे नियम 2009 चे आहेत. इमारतीतील यंत्रणा नीट बसवल्याचा दाखला परवानाधारक संस्थेकडून ‘नमुना अ’मध्ये घ्यावा लागतो. ती यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला मालकाने किंवा भोगवटादाराने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, ‘नमुना ब’मध्ये द्यायचा असतो. भंडाऱ्याची आग जानेवारीतलीच, हा योगायोग बोचरा आहे.

या कायद्यात इमारतीच्या पंपाला, स्प्रिंकलरला आणि धूरसूचकाला सहा महिन्यांची मुदत आहे. तो पंप वापरणाऱ्या फायरमनच्या कौशल्याला तशी मुदत नाही. विशीत मिळवलेले प्रमाणपत्र निवृत्तीपर्यंत पुरते. भंडाऱ्यात त्या रात्री दलाचे काम कमी पडले, असा याचा अर्थ नव्हे. सात बालके वाचली ती रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांच्या आणि अग्निशमन दलाच्या धावपळीमुळेच. प्रश्न व्यवस्थेने काय तपासायचे ठरवले आहे, एवढाच आहे.

प्रमाणपत्र मिळते कुठे? राज्यात मुख्य वाट मुंबईतल्या सांताक्रूझ येथील महाराष्ट्र अग्निशमन सेवा अकादमीतून जाते. तिथला अग्निशामक पाठ्यक्रम सहा महिन्यांचा, तर उपस्थानक अधिकारी व अग्निप्रतिबंधक अधिकारी पाठ्यक्रम एक वर्षाचा असतो. अधिकाऱ्यांसाठी दुसरी वाट नागपूरची. केंद्रीय गृह मंत्रालयाचे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय 1956 साली उत्तर प्रदेशातल्या रामपूर येथे सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी नागपूरला आले. देशभरच्या दलांतले सब ऑफिसर, स्टेशन ऑफिसर आणि विभागीय अधिकारी तिथे घडतात. भंडारा शहर तिथून जेमतेम साठ किलोमीटरवर आहे. देशातली या विषयाची सर्वांत मोठी शाळा इतक्या जवळ असणे ही फार थोड्या जिल्ह्यांना लाभलेली सोय आहे. तिसरी वाट औद्योगिक प्रशिक्षण संस्थांची. तिथे ‘फायरमन’ आणि ‘अग्नितंत्रज्ञान व औद्योगिक सुरक्षा व्यवस्थापन’ हे व्यवसाय शिकवले जातात. ते राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्याला जोडलेले असल्याने त्यांचा अभ्यासक्रम वेळोवेळी तपासला जातो. पण हा फेरविचार अभ्यासक्रमाचा असतो. तो शिकून बाहेर पडलेल्याचा नसतो.

सेवाप्रवेशाच्या अटींत शरीराची मापे काटेकोर असतात. राज्यातल्या पुरुष अग्निशामकासाठी रूढ असलेली किमान उंची 165 सेंटिमीटर, छाती 81 आणि फुगवून 86 सेंटिमीटर, वजन 50 किलो. मुंबई अग्निशमन दलाने भरतीत पुरुषांसाठी 172 आणि महिलांसाठी 162 सेंटिमीटरची अट ठेवली होती. सेंटिमीटर मोजायला सोपे. काळ्याकुट्ट धुरात दिशा न चुकता मागे फिरण्याची क्षमता मोजायला अवघड, म्हणूनच ती भरतीच्या जाहिरातीत क्वचित दिसते.

राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा हा नगरपालिकांचा विषय आहे. त्यामुळे भंडारा जिल्ह्यात बंब, माणसे आणि पगार यांचा भार नगरपरिषदांवर पडतो. 2011 च्या जनगणनेनुसार बारा लाख लोकसंख्येचा, सात तालुक्यांचा हा जिल्हा बहुतांश ग्रामीण आहे. लाखांदूरच्या एखाद्या खेड्यात तणसाचा ढीग पेटला किंवा तुमसरच्या भातगिरणीत आग लागली, तरी धाव शहरातल्या बंबाकडेच घ्यावी लागते. नगरपरिषदांतली अग्निशमन अधिकाऱ्यांची पदे राज्यस्तरीय संवर्गातून भरण्याची पद्धत आल्यावर पात्रतेत थोडी एकवाक्यता आली. 2023 साली नगरपरिषद प्रशासन संचालनालयाने काढलेल्या 1782 पदांच्या जाहिरातीत अग्निशमन सेवेची 372 पदे होती. मात्र बंबाबरोबर जाणारा प्रत्येक हात या संवर्गात येत नाही. लहान केंद्रांवर कंत्राटी आणि रोजंदारी माणसेही असतात. त्यांना कोणते मानक लावायचे, हा प्रश्न बहुधा ठेकेदाराच्या करारापाशी अडतो.

त्यातही सारा जिल्हा एका मानकाखाली येत नाही. जवाहरनगरचा आयुध निर्माणी कारखाना संरक्षण उत्पादनाच्या केंद्रीय व्यवस्थेत मोडतो आणि 1 ऑक्टोबर 2021 पासून ‘म्युनिशन्स इंडिया लिमिटेड’कडे आहे. 24 जानेवारी 2025 रोजी तिथे झालेल्या स्फोटात आठ कामगारांचा मृत्यू झाला. स्फोटकांच्या कारखान्यात बाहेरून येणाऱ्या पथकाला कुठे पाणी मारायचे यापेक्षा कुठे पाऊल टाकायचे नाही, हे आधी माहीत असावे लागते. नगरपरिषदेच्या फायरमनच्या सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमात अशा जागेची ओळख कितीशी होणार? वरठीच्या पोलाद कारखान्यात वितळलेल्या धातूजवळ पाणी हेच संकट ठरू शकते. जंगलाचे गणित तर अगदीच निराळे. एप्रिल 2021 मध्ये नागझिरा अभयारण्यातील वणवा विझवताना तीन हंगामी मजूर दगावले. जाळरेषा काढणे आणि झोडप्याने किंवा ब्लोअरने आग मागे रेटणे ही कामे उन्हाळ्यापुरते घेतलेले गावकरी करतात. आग तेही विझवतात, पण अग्निशामक या शब्दाच्या सरकारी व्याख्येत ते येत नाहीत.

बाहेरच्या जगात हा तिढा वेगवेगळ्या रीतीने सोडवला जातो. अमेरिकेत नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनचे ‘एनएफपीए 1001’ हे अग्निशामकाच्या व्यावसायिक पात्रतेचे मानक 1974 पासून होते. ते ठरावीक वर्षांनी सुधारले जाई, आणि आता ते इतर काही मानकांबरोबर ‘एनएफपीए 1010’मध्ये विलीन झाले आहे. मानक लिहिणारी संस्था परीक्षा घेत नाही. परीक्षा घेणाऱ्या संस्थांना प्रो बोर्ड किंवा इफ्सॅक यांची मान्यता लागते, आणि नवी आवृत्ती आली की परीक्षा तिच्याप्रमाणे बदलून घ्यावी लागते. तिथेही जुने प्रमाणपत्र आपोआप रद्द होत नाही. पुन्हा परीक्षा किंवा ठरावीक तासांची उजळणी मागायची का, हे अनेक ठिकाणी राज्य किंवा दल ठरवते. म्हणजे अमेरिकेनेही प्रश्न पुरता सोडवलेला नाही. पण मानक कोणाचे, परीक्षा कोणाची आणि जबाबदारी कोणाची, यांची वाटणी तिथे स्पष्ट आहे.

भारतात स्थायी अग्निशमन सल्लागार समिती 1950 च्या दशकापासून बंब, मनुष्यबळ आणि प्रशिक्षण यांबाबत शिफारशी करत आली. शिफारस बंधनकारक नसते. 2019 मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने राज्यांसाठी आदर्श अग्निशमन विधेयक प्रसृत केले, आणि 2023 मध्ये राज्यांतल्या अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी व आधुनिकीकरणासाठी 5000 कोटी रुपयांची योजना आणली. दरम्यान राष्ट्रीय इमारत संहितेचा आगीविषयीचा भाग 2016 मध्ये सुधारला गेला, आणि डिसेंबर 2020 मध्ये महाराष्ट्राने एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू केली. इमारतींचे मानक असे पुढे सरकत गेले. त्या इमारतींत शिरणाऱ्या माणसाला नव्या नियमांची ओळख करून देण्याचे काम प्रत्येक दलाच्या ऐपतीवर राहिले.

ऐपतीचा मुद्दा लहान गावात फार व्यवहारी असतो. तीन पाळ्यांत चालणाऱ्या केंद्रावर मोजकी माणसे असतात. त्यांतले दोघे तीन आठवड्यांच्या उजळणीला नागपूरला पाठवले, तर एका पाळीत बंबावर चालकाशिवाय जेमतेम कोणी उरेल. बदली माणूस मिळत नाही, म्हणून नगरपरिषदेचा मुख्याधिकारी नाव पाठवायला कचरतो. त्यापेक्षा प्रशिक्षकानेच केंद्रावर यावे, बीए सेट आणि धुराची खोली तिथेच उभी करावी आणि भंडारा, तुमसर, पवनी, साकोलीच्या पाळ्यांनी आळीपाळीने परीक्षा द्यावी, हा मार्ग स्वस्त पडेल. नागपूरचे महाविद्यालय साठ किलोमीटरवर असताना त्याला अंतराची अडचणही नाही. अशी परीक्षा सक्तीची करायची तर सेवाप्रवेश नियमांत एक कलम वाढवावे लागेल, आणि नापास होणाऱ्याचे काय करायचे हेही त्यातच लिहावे लागेल. कर्मचारी संघटनांचा पहिला प्रश्न तोच असेल.

सध्या वर्षाकाठी ठरलेला कार्यक्रम आहे तो 14 ते 20 एप्रिलच्या अग्निशमन सप्ताहाचा. 1944 साली मुंबई गोदीतल्या स्फोटात मृत्यू पावलेल्या अग्निशामकांच्या स्मरणार्थ तो पाळला जातो. त्या आठवड्यात शाळांत आणि रुग्णालयांत प्रात्यक्षिके होतात, सिलिंडरची आग ओल्या पोत्याने विझवून दाखवली जाते. कार्यक्रम नागरिकांसाठी असतो. दलाच्या स्वतःच्या परीक्षेचा त्यात समावेश नाही.