लिथियमची आग पन्नास वर्षे जुनी आहे

सप्टेंबर 2022 मध्ये वसईतल्या एका घरात रात्री चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा पहाटे स्फोट झाला. जवळच झोपलेला सात वर्षांचा मुलगा भाजला आणि काही दिवसांनी वारला. पोलिसांच्या प्राथमिक तपासात बॅटरी अति तापल्याचे कारण पुढे आले. तंत्रज्ञान नवीन आहे, असे चालायचेच, हा युक्तिवाद मी तेव्हा अनेकांकडून ऐकला. मला तो पटत नाही.

ही आग जुनी आहे. 1970 च्या दशकात अमेरिकेत एक्सॉन कंपनीत स्टॅनली व्हिटिंगहॅम लिथियम धातूची बॅटरी बनवत होते, तेव्हा प्रयोगशाळेत अग्निशमन दलाला अनेकदा धावावे लागले. पुन्हा पुन्हा चार्ज केल्यावर त्या धातूला आत तंतू फुटतात. ते पलीकडच्या टोकाला टेकले की शॉर्ट सर्किट. 1989 मध्ये कॅनडाच्या मोली एनर्जीच्या अशाच बॅटऱ्या जपानमध्ये मोबाइल फोनमध्ये पेटल्या आणि कंपनी डबघाईला आली.

तोवर जपानच्या अकिरा योशिनो यांनी धातू काढून कार्बन वापरला होता. बॅटरीवर लोखंडाचे वजन टाकून पाहिले, ती पेटली नाही. 1991 मध्ये सोनीने ती बाजारात आणली. लिथियम ग्रॅफाइटमध्ये आत-बाहेर करता येते हे 1980 च्या सुमारास दाखवणारे रशीद याझमी मूळचे मोरोक्कोतल्या फेस शहराचे. 2019 चे नोबेल तिघांनाच मिळाले, त्यात ते नव्हते. उर्दू शाळांतल्या मुलांना हे नाव कुणीतरी सांगायला हवे.

कार्बनमुळे धोका कमी झाला, संपला नाही. स्कूटरमध्ये असे शेकडो सेल असतात. सेलमधला प्लास्टिकचा पातळ पडदा 130 अंशांच्या आसपास वितळतो. दोन्ही टोके भिडतात, उष्णता वाढते, कोबाल्ट-निकेलच्या सेलमध्ये तर आतूनच प्राणवायू सुटतो. म्हणून गोधडी टाकून ही आग विझत नाही, आणि एक सेल शेजारच्याला पेटवत जातो.

मार्च 2022 मध्ये पुण्याच्या लोहगावात रस्त्यावर स्कूटर जळाली. त्याच सुमारास वेल्लोरमध्ये घरात चार्जिंगला लावलेली स्कूटर पेटली, धुराने बाप-लेक गेले. एप्रिलमध्ये नाशिकला कंटेनरमधल्या वीस स्कूटर खाक झाल्या. त्यानंतर केंद्राने चाचणीचे नियम कडक केले: बॅटरी तापली तर इशारा, सेलवर उत्पादनाची तारीख. ते 1 ऑक्टोबरपासून लागू व्हायचे होते. सप्टेंबरअखेरीस मुदत वाढवून काही डिसेंबरवर, काही पुढच्या मार्चवर नेले. वसईचा तो मुलगा त्याच दिवसांत गेला.

नियम बॅटरी तपासतात, घर तपासत नाहीत. आमच्या मोहल्ल्यातली डिलिव्हरीची पोरं रात्री बॅटरी काढून दुसऱ्या मजल्यावर नेतात, कारण खाली प्लग नाही. ती बहुधा दारापाशीच, चपलांच्या रॅकशेजारी लावली जाते. बाहेर पडायचा रस्ताही तोच असतो.