झुरळांच्या पेटीतील ऊब

२०१६ च्या जुलै महिन्यात बंगळुरूची एक बातमी देशभर गाजली. झुरळाच्या दुधाच्या स्फटिकात तेवढ्याच वजनाच्या जनावराच्या दुधाच्या तिपटीहून अधिक ऊर्जा असते, हे वाचून कोणी नाक मुरडले, तर कोणाला त्यात उद्याचे अन्न दिसले. तुलनेतील खोच मात्र फार थोड्यांनी पाहिली. स्फटिक हा घन पदार्थ. गाई-म्हशीच्या दुधात ऐंशी टक्क्यांहून अधिक पाणी असते. पाणी वगळून तुलना केली, तर तिपटीचा चमत्कार उरत नाही.

संशोधनाचे खरे मोल वेगळे होते. इन्स्टेम संस्थेतील सुब्रमणियन रामस्वामी, संचारी बॅनर्जी आणि देशोदेशीचे सहकारी यांनी सजीवाच्या शरीरातच वाढलेल्या प्रथिन-स्फटिकाची रचना सुमारे १.२ अँगस्ट्रॉम इतक्या सूक्ष्मतेने उलगडली. हे स्फटिक डिप्लोप्टेरा पंक्टाटा या झुरळाच्या भ्रूणांच्या पोटात आढळतात. ही मादी अंडी बाहेर घालत नाही. भ्रूण तिच्या उदरातील पिशवीत तिचा पोषक स्राव पिऊन वाढतात आणि जिवंत पिल्ले जन्माला येतात.

याची पाळेमुळे बरीच मागे जातात. लुई रॉथ आणि एडविन विलिस यांनी १९५५ साली या भ्रूणांना मातेकडून पोषण मिळते, असे दाखवले. १९७४ साली अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या बार्बरा स्टे यांनी कूप यांच्यासह त्या ‘दुधा’चे वर्णन प्रसिद्ध केले. २०१६ च्या शोधनिबंधाच्या लेखकांतही स्टे यांचे नाव आहे. दरम्यानच्या चार दशकांत एक साधे काम अखंड चालू ठेवावे लागले : उष्ण प्रदेशातील हे झुरळ, हिवाळ्यात पारा शून्याखाली उतरणाऱ्या प्रदेशात, सुमारे २७ अंश सेल्सिअसला जोपासणे.

ऊब इतकी निर्णायक का? झुरळ स्वतःच्या शरीराचे तापमान राखू शकत नाही. भोवतालचे तापमान तेच जवळजवळ त्याचे. फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्युर यांनी १७३० च्या दशकात फुलपाखरांचे कोश उबदार काचघरात आणि थंड बर्फघरात ठेवून पाहिले. उबेत फुलपाखरे भर हिवाळ्यात बाहेर आली. थंडीत कोशावस्था लांबली. १८८९ मध्ये अऱ्हेनियस यांनी रासायनिक अभिक्रियांचा वेग तापमानावर कसा अवलंबून असतो, याचे समीकरण मांडले. सजीवांच्या बाबतीत ढोबळ नियम असा : दहा अंश वाढले की वेग दुप्पट ते तिप्पट. मर्यादेपलीकडे मात्र प्रथिनांची घडीच मोडू लागते.

पाळीव सरड्यांना खाद्य म्हणून डुबिया झुरळे वाढवणाऱ्यांचाही हाच अनुभव असतो. दक्षिण अमेरिकेतील हे झुरळ तीस अंशांच्या आसपास भराभर वाढते. थंड खोलीत जगते, पण त्याची वीण जवळजवळ थांबते. केवळ हीटर लावूनही भागत नाही. वीस अंशांची हवा तीस अंशांपर्यंत तापवली आणि पाणी घातले नाही, तर तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे निम्म्यावर येते. म्हणून पेटीचा एकच भाग तापवावा, दुसरा थोडा थंड ठेवावा आणि ओलावा सांभाळावा. झुरळे आपली जागा आपण निवडतात.

भौतिकशास्त्राचा अभ्यासक म्हणून मला या कथेतील क्ष-किरणांचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. पण त्या किरणांसमोर ठेवायला स्फटिक मिळाले, ते कोणीतरी वर्षानुवर्षे पेटीतील पाणी बदलले, खाद्य घातले आणि तापमापी पाहिली म्हणून. शोधनिबंधात या कामाला एखादे वाक्य मिळते, बातमीत तेही नाही. प्रयोगशाळेत नव्याने पाऊल टाकणाऱ्या विद्यार्थ्यांना असे काम सोपवले गेले, तर त्यांनी ते दुय्यम समजू नये. एखादी वसाहत एका रात्रीच्या दुर्लक्षाने संपू शकते. ती पुन्हा उभी करायला मात्र पिढ्या जाव्या लागतात, निदान झुरळांच्या तरी.